सदतिसाव्या नगाची पूजा

जावयाला आणि जावयाने सांभाळायला दिलेल्या वस्तूला रंगनाथराव उलट प्रश्न विचारत नसत. त्यामुळे आदिनाथने श्रीगोंद्याहून बेलापूरला येऊन एक काळा चकचकीत डबा त्यांच्या हातात ठेवला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "फ्रिजमध्ये ठेवायचा का बाहेर?"

"कपाटात ठेवा मामा. उघडू नका फक्त."

"आत काय हाय?"

"वेप. म्हंजी बॅटरीवरची सिगारेट. आतला रस तापतो, वाफ हुते, ती वडायची."

"तुमी वडता?"

"छे. मी सुपारीला शिवत न्हाई."

"मग घेणारा वडतो?"

"तो बी न्हाई. तो पुढं विकतो. जगात दोनशेच नग काढलेत मामा, हा सदतिसावा."

"आन् त्याच्या पुढचा?"

"तो बी विकंल की."

रंगनाथराव छत्तीस वर्षं वायरमन होते. तार कितीही लांब ओढली तरी शेवटाला कुठेतरी दिवा असतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. या तारेच्या शेवटाला दिवाच दिसेना. त्यात ही वस्तू विकायला बंदी, साठवायलाही बंदी. "बंदी हाय म्हणून तर भाव हाय," असं आदिनाथने लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं समजावून सांगितलं. रंगनाथरावांनी मान डोलावली. समजलं नाही की ते नेहमीच मान डोलावत.

आदिनाथ गाडी वळवायला गेला तशी सोबत आलेली लेक मोनिका मागे रेंगाळली. "आबा, हा एक विकला की हे सगळं बंद, असं म्हणलेत. मोबाईल रिपेरिंगचं दुकान परत उघडणार हायेत. दारावर कुणी थाप मारली की पोलीसच आल्यासारखं वाटतं मला. एवढा नीट सांभाळा."

तोवर तो डबा नुसता डबा होता. आता त्यात लेकीची झोप ठेवलेली होती. रंगनाथरावांनी तो कपाटात, बायकोच्या, कलाबाईंच्या पैठणीखाली सरकवला.

मग खंडेनवमी आली.

या दिवशी रंगनाथरावांच्या अंगणात पाटावर पक्कड, पान्हे, टेस्टर मांडले जात. शेजारी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, मिक्सर, शिलाई मशीन, दोन मोबाईल. घरातलं विजेवर चालणारं काहीही पूजेवाचून राहता कामा नये, हा त्यांचा नेम. दुसरा नेम असा, की पुजलेलं यंत्र एकदा चालवायचं. मिक्सरसुद्धा रिकामा गर्र करून घ्यायचा. कलाबाई दर वर्षी म्हणत, "त्याच्यात चटणी तरी टाका."

झेंडूची फुलं वाहताना त्यांना पैठणीखालचा डबा आठवला. उघडू नका, असं जावईबापूंनी बजावलं होतं. पण आजच्या दिवशी तो तसाच ठेवला आणि उद्या विकताना काही आडवं आलं, तर भोगणार मोनिका. आणि खोक्याची पूजा कशी करायची? छत्तीस वर्षांत त्यांनी खोक्यातल्या मीटरला कधी हार घातला नव्हता. त्यांनी ब्लेडने सील अलगद कापलं, लेकीच्या भल्यासाठी.

आत हिरवी नळी, तिच्यावर कोरलेला ड्रॅगन. बॅटरी मेलेली. ती त्यांनी मोबाईलच्या चार्जरला लावली. मग ड्रॅगनच्या पोटावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, आणि नेमाप्रमाणे यंत्र एकदा चालवलं.

खोकल्याची उबळ थांबेपर्यंत घरभर वास पसरला.

"अवो," स्वयंपाकघरातून कलाबाईंनी विचारलं, "नवरात्रात आमरस कुणी केला?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आदिनाथ आणि मोनिका आले. सोबत पुण्याचा कल्याण होता. असे नग घेऊन पुढे विकणारा. त्याने आधी पांढरे हातमोजे घातले. रंगनाथरावांना वाटलं, डॉक्टर आहे. त्याने डबा उघडला आणि बराच वेळ उघडाच धरला.

"काका, हे काय आहे?"

"पूजा केली."

"पण सील?"

"ते काढल्याबिगर कुंकू कसं लागंल?"

आदिनाथ पांढरा पडला. पोटात सासऱ्याच्या घरची पुरणपोळी असताना सासऱ्यावर ओरडता येत नाही, म्हणून त्याने मोनिकेकडे पाहिलं. ते पाहणं रंगनाथरावांना दिसलं.

"चूक माझी हाय जावईबापू. तिच्याकडं बघू नका."

कल्याणने रडण्यापुरता एक फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला. जरा वेळाने त्याचा फोन थरथरू लागला आणि थांबेना. मलेशियातला कोणी विचारत होता, हे लाल-पिवळं काय आहे. दुसरा म्हणाला, एकशे नव्व्याण्णव नग सारखे आहेत, असा हा एकच. चहावर साय धरेपर्यंत सदतिसावा नग ठरल्यापेक्षा चढ्या भावाने गेला.

"काका, खाली सही करता?" कल्याणने अदबीने पेन पुढे केलं.

रंगनाथरावांनी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर करत तशी, पूर्ण नावानिशी सही केली. नळी पुरेना म्हणून आडनाव डब्यावर गेलं. काय घडलं ते त्यांना उमगलं नव्हतं. वस्तू विकली गेली, एवढं मात्र उमगलं. मोनिका त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवली.

आठव्या दिवशी दारात गाडी थांबली. आदिनाथ, कल्याण, मागे मोनिका, आणि एक गोणपाटाची पिशवी. पिशवीत अकरा डबे.

"मामा, एवढ्यांना कुंकू लावून द्या."

"खंडेनवमी झाली की."

"कुंकवाला कुठं मुहूर्त लागतो?"

"कुंकवाला न्हाई लागत. पूजेला लागतो. तुमीच लावा की घरी."

"लावलं हुतं एकाला," आदिनाथ खाली बघून म्हणाला. "ग्रुपवाले म्हणले, डुप्लिकेट हाय."

"बोट वेगळं दिसतं काका," कल्याणने खुलासा केला. "तारीख कोण बघतंय? तुम्ही फक्त बोट फिरवा."

रंगनाथरावांनी बोटाकडे पाहिलं. ते त्यांना कालच्यासारखंच दिसलं. मग त्यांनी मोनिकेकडे पाहिलं. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती. सात वर्षांत त्यांनी या जावयाला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. लग्नात त्याने ऐन वेळी बँड बदलून डीजे आणला, तेव्हासुद्धा नाही.

"एक विकला की बंद, असं तुमी हिला बोलला हुता," ते म्हणाले. "एक विकला."

"मामा, तवा मला काय म्हाईत, तुमच्या हाताला असा भाव येईल?"

"मला बी म्हाईत नव्हतं. हे जिथनं आणले तिथं परत द्या. अन् दुकानाचं शटर दोन वर्षं पडून हाय, गंजलं आसंल. वायरिंग बी उंदरांनी खाल्ली आसंल. उद्या मी येतो श्रीगोंद्याला."

कल्याणने हातमोजे खिशात घातले, पुन्हा काढले, पुन्हा घातले. आदिनाथने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"उद्या नको मामा," तो शेवटी म्हणाला. "परवा या."

हा होकार की नकार, ते रंगनाथरावांना कळेना. ते मान डोलावणार, एवढ्यात मोनिकेने चपलांवरून नजर उचलली.

"परवा न्हाई आबा. उद्याच या. पहिल्या एस्टीनं."