फितवलेला साक्षीदार

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. आज तुम्हाला तुडुर प्रिचर्डची गोष्ट सांगतो. आमच्या वेल्सच्या या खोऱ्यात त्याचं नाव निघालं की म्हातारेकोतारेही छाती पुढे काढून बसतात. गोष्ट एका खेळाडूची आहे खरी, पण ऐकता ऐकता तुमच्याच घरातलं कुणी डोळ्यांपुढे आलं, तर दचकू नका.

शाळा सुटली तसा तुडुर रग्बीत शिरला आणि पुढे रग्बीवरच त्याचं घर उभं राहिलं. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तिथं, अगदी मधोमध, दोन धिप्पाड गड्यांच्या खांद्यांना बिलगून, डोकं पुढे घालून रेटायचं, ही त्याची जागा. रेटून रेटून कान फुलकोबीसारखे झाले होते. त्या शनिवारी प्रतिस्पर्ध्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तुडुर आडवा झाला. हलेना. मग उठला, झोकांडी खात उभा राहिला आणि स्ट्रेचर घेऊन धावत आलेल्यांना त्यानं हातानंच परत पाठवलं. सगळं मैदान टाळ्यांनी दणाणून गेलं. संघाच्या डॉक्टरीण हेलेदबाईंनी त्याला हाताला धरून बाहेर नेलं, तरी टाळ्या थांबेनात. मीही वाजवत होतो.

पुढच्या शनिवारी कपचा अंतिम सामना. खोरं कितीतरी वर्षं त्याची वाट बघत होतं.

बुधवारी संध्याकाळी तुडुरकडे त्याचे एल्विनमामा चहाला आले. मामा आमच्या चॅपेलचे निवृत्त प्रवचनकार. त्यांचं प्रवचन ज्यानं ऐकलं नाही, त्यानं काय ऐकलं? सुरुवात साध्या बोलण्यासारखी. मग शब्द हळूहळू सूर धरायचे, आणि शेवटी मामा सांगतायत की गातायत, हेच कळायचं नाही. बाकांवर बसलेल्या कोळशाच्या खाणीतल्या माणसांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या.

"शुक्रवारी हेलेदबाई तुला पास करतील का रे?" तुडुरच्या बायकोनं, मेरेरिदनं, तव्यावरचे बेदाण्यांचे केक उलटता उलटता विचारलं.

"करतील की. ती परीक्षा मी झोपेतही देईन."

"हल्ली झोपेतच तर असतोस. काल शेगडी पेटती ठेवून निघून गेलास."

"मामा, ऐका हिचं. घरातही पंच आहे मला."

मामा हसले. "पण परीक्षा असते तरी कसली?"

तुडुर खुलला. खुर्ची पुढे ओढून सांगू लागला, "उन्हाळ्यात, हंगामाआधी, डोकं ठणठणीत असताना हेलेदबाई एकेकाला बसवतात. काही शब्द सांगतात, मग थोड्या वेळानं परत म्हणायला लावतात. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा तेच. उन्हाळ्याइतकं जमलं की माणूस खेळायला मोकळा. मग आम्ही काय करतो? उन्हाळ्यातच मुद्दाम मठ्ठासारखं बसायचं. निम्मे शब्द गिळून टाकायचे. म्हणजे नंतर कितीही गरगरलं तरी तेवढं जमतंच! सगळ्या संघाला मीच शिकवलंय हे. सगळ्यात मठ्ठ कोण, यावर आमच्यात पैजा लागतात."

तो हसला. एकटाच. मेरेरिदचा हात तव्यावर तसाच थांबला होता आणि केक करपायला लागला होता. मामांनी कप खाली ठेवला.

"पुन्हा सांग बाळा. माझ्या ऐकण्यात काही चुकलं असेल."

"चुकलं नाही मामा. सगळेच करतात."

"तू मैदानावर बेशुद्ध पडशील, तेव्हा स्वतःच्या बाजूनं तुला एक शब्द बोलता येणार नाही. त्या वेळी तुझ्या बाजूनं बोलणारा साक्षीदार एकच, ही उन्हाळ्यातली परीक्षा. त्यालाच तू आधीपासून फितवून ठेवलंस? आणि तेसुद्धा स्वतःविरुद्ध?"

"मामा, हे चॅपेल नाही. रग्बी आहे. इथं रडक्याला जागा नसते."

"पाय मोडला तर माणूस लंगडताना दिसतो. आतलं मोडलं तर कुणाला दिसणार? बाईंना दिसलं असतं, पण त्यांचे डोळे तूच बांधलेस."

तुडुरला राग आला. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "बरं, मला एकदा खरी परीक्षा दे. लबाडी नाही. माझे शब्द ऐक. दिवा, मीठ, शिडी, जाळं, घंटा, दगड, तेल, चादर, मासा, दोर."

"हे होय? सोपं आहे."

मग मामांनी मुद्दाम विषय काढला तो रविवारच्या भजनांचा. खालच्या पट्टीचे गायक कसे झोपा काढतात, बाजाची पेटी कशी खोकते, असं बरंच काही. चहाचा दुसरा कप झाला. मग ते म्हणाले, "हं. म्हण आता."

"दिवा. मीठ." तुडुर थांबला. "दोर. आणि... ते हे. मासा."

"आणखी?"

त्यानं कपाळ चोळलं. खिडकीकडे बघितलं. शेगडीपाशी मेरेरिदचे ओठ आपोआप हलत होते. जाळं, घंटा, दगड. ती तर लक्ष देऊन ऐकतही नव्हती, तरी तिला सगळे आठवत होते.

"गंमत करू नकोस रे," ती हळूच म्हणाली.

तुडुरच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. मग तो म्हणाला, "उन्हाळ्यातही असंच झालं होतं."

"म्हणजे?"

"मी ठरवून गेलो होतो, एवढे सांगायचे, एवढे गिळायचे. सांगायचे तेवढे सांगितले. बाहेर आलो, पोरांना टाळ्या दिल्या, हसलो. पण मामा..." त्यानं पुन्हा कपाळ चोळलं. "गिळायला शब्द उरलेच नव्हते, बाकीचे मला खरंच आठवत नव्हते. मला वाटलं, मी सोंग करतोय."

मंडळी, केवढा हा घात! जगाला फसवायला निघालेला माणूस स्वतःच केव्हाचा फसला होता, आणि त्याला पत्ताही नव्हता.

मेरेरिद त्याच्या शेजारी येऊन बसली. मामा उठले आणि त्यांनी भाच्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, लहान पोराचं धरावं तसं.

"शनिवारी नाही खेळलो तर खोरं काय म्हणेल?" तुडुर तिथूनच पुटपुटला.

"चार दिवस बोलेल. मेरेरिदला मात्र तुझ्याबरोबर जन्म काढायचाय. तिला ओळखणारा नवरा हवाय, कप नको."

शुक्रवारी तुडुर हेलेदबाईंच्या खोलीत थेट गेला नाही. आधी ड्रेसिंग रूममध्ये बाकावर उभा राहिला.

"आला मठ्ठांचा राजा," कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"पोरांनो, मी तुम्हाला विष शिकवलं," तो म्हणाला, आणि घरी घडलेलं त्यानं जसंच्या तसं सांगितलं. हशा विरून गेला. बूट बांधणारे हात जागच्या जागी राहिले. मग संघातला सगळ्यात दांडगा गडी ग्रिफिथ, जो कुणाच्या बापाला भीत नाही, खाली मान घालून म्हणाला, "मला गेल्या महिन्यात घरचा रस्ता सापडेना. कुणाला बोललो नाही."

हेलेदबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "इतकी वर्षं," त्या एवढंच म्हणाल्या, "मी मनापासून तुम्हाला पास करत होते."

त्याच दिवशी सगळ्यांची परीक्षा नव्यानं झाली, खरीखुरी. तुडुर आणि ग्रिफिथ पुन्हा मैदानात उतरले नाहीत. कप हातचा गेला. सामन्यात आमचा एक गडी पडला आणि झोकांडत उठला, तेव्हा सवयीनं टाळ्या सुरू झाल्याच. सवय एका दिवसात थोडीच जाते? पण काही हात वर जाता जाता थबकले. माझेही थबकले.

बंधूंनो, भगिनींनो, दुखणं लपवणाऱ्याला आपण मर्द म्हणतो, आणि मग तो लपवतच राहतो. आपली एकेक टाळी त्याला आत आत ढकलत असते. पडलेला माणूस उठला म्हणून वाहवा करू नका. त्याला बसवा, विचारा, आणि "मला बरं वाटत नाही" असं म्हणणाऱ्याचा मान ठेवा. ते म्हणायला स्क्रममध्ये डोकं घालण्यापेक्षा जास्त छाती लागते.

तुडुर हल्ली चॅपेलमध्ये मामांच्या शेजारी बसतो. भजनाचा एखादा चरण त्याच्याकडून निसटतो, तेव्हा मेरेरिद त्याच्या कानाशी हळूच गाते. हे निसटणं थांबेल की वाढेल, हेलेदबाईंनाही सांगता येत नाही. म्हणून हात जोडून एवढंच मागतो: आज देवापुढे बसाल, तेव्हा तुडुर प्रिचर्डची आठवण ठेवा. उद्या त्यालाच स्वतःची आठवण राहिली नाही, तर ती आपल्या कुणापाशी तरी असायला हवी.