खंडेनवमीचं कुंकू

यशोधनची लाथ थेट कॉम्प्युटरच्या पेटीवर बसली. पेटीच्या बाजूची काच फुटली आणि खडीसाखरेएवढे तुकडे खोलीभर उधळले. वृंदा स्वयंपाकघरातून झाडू घेऊनच आली. काय झालं, हे तिनं विचारलं नाही. या घरात आवाज झाला की आधी झाडू घ्यायचा, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

दिल्लीजवळच्या गाझियाबादेत अजून पायाही न खणलेल्या इमारतींच्या फिल्म्स बिल्डरांना कॉम्प्युटरवर करून देणं हा यशोधनचा धंदा. त्यासाठी त्यानं कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर पळवला होता. कंपनीच्या वेगावर काय, गाढवंही धावतात, असं तो ऐटीत सांगायचा. पण गेल्या दिवाळीपासून पळवलेला तो घोडा या दसऱ्याला अडखळायला लागला होता. फिल्म अर्ध्यात बंद पडायची, पडदा निळा व्हायचा. आज संध्याकाळी फिल्म द्यायची होती आणि पडदा पुन्हा निळा झाला होता.

त्यानं फुटक्या काचेतून आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटं लाल होती. रक्त नव्हतं ते. काल खंडेनवमी होती. हेमलताबाईंनी, त्याच्या आईनं, विळीला, शिवणयंत्राला, गाडीला हळदकुंकू वाहिलं, तसंच लेकाच्या पोटापाण्याच्या या यंत्रालाही वाहिलं. ते पेटीच्या पंख्यानं आत ओढून घेतलं होतं.

तो आईच्या खोलीत गेला. दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात आयुष्यभर नोकरी करून हा फ्लॅट स्वतःच्या नावावर घेतलेल्या त्या बाईला त्यानं मनगटाला धरून फरफटत आणलं, आणि ती लाल बोटं तिच्या गालावर खसाखसा चोळली.

"बघ. ही तुझी पूजा."

हेमलताबाई एवढंच म्हणाल्या की चुकलं, माझ्या लक्षातच आलं नाही. वृंदाच्या अंगाची आग आग झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! दोष कुंकवाचा नसणार, मला बघू दे, असं ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत चाललं नाही तर तुझी खैर नाही, असं तिला सुनावून तो दार आपटून बिल्डरकडे वेळ मागायला गेला.

वृंदाही यशोधनच्याच कॉलेजची इंजिनिअर. दिल्लीतल्याच मुनिरका वस्तीत भाड्याच्या खोलीत दोघांनी मिळून पहिला कॉम्प्युटर जोडला होता. तेव्हा तो हसायचा जास्त. त्याच मुनिरकात आता तिच्या मैत्रिणीनं, शालिनीनं, तिच्यासाठी खोली पाहून ठेवली होती. बॅग कपाटात भरलेली होती. ती निघत नव्हती ती या म्हातारीपायी. आपण गेलो की याच्या माराला उरणार कोण?

आणि म्हातारी तरी कशी! दरवेळी मार झाला की रात्री सुनेच्या पायथ्याशी येऊन बसायची. "तापट आहे गं, मनात काही नसतं त्याच्या. विश्वास ठेव, निवळेल." एरवी हीच बाई कुणाच्या शब्दावर विसंबायची नाही. प्लंबर म्हणाला, कल पक्का आऊंगा, भरोसा रखिए, की ही मराठीत पुटपुटायची, "विश्वास पानिपतात गेला." दर संक्रांतीला पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जाऊन हात जोडणारी बाई, तिला हा विनोद करायचा हक्कच होता. लेकाला मात्र तो कधी कळला नाही. दिल्लीत वाढलेल्या यशोधनला पानिपत म्हणजे हायवेवर मिळणाऱ्या लोणच्याचं गाव.

हेमलताबाई टॉर्च धरून बसल्या. गाल अजून लालच होता, त्यांनी पुसला नव्हता. वृंदानं पंखा काढून कुंकू झटकलं, प्रोसेसर थंड ठेवणारी, आता वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि यंत्र चालू केलं. तापमान ठीक होतं. तरी वाढवलेल्या वेगावर काम दिल्यावर ते पुन्हा बंद पडलं.

"आई, कुंकवानं काही झालेलं नाही. तुमचं काही चुकलं नाही."

"मग?"

"आतून झिजलाय तो. आधी जेवढ्या व्होल्टेजवर हा वेग पेलायचा, तेवढ्यावर आता पेलत नाही. मग व्होल्टेज वाढवायचं. वाढवलं की आणखी झिजतो. मग आणखी वाढवायचं."

हेमलताबाईंनी टॉर्च मांडीवर ठेवला.

"आधी नुसता ओरडायचा," त्या म्हणाल्या. "मग ताटं फेकायला लागला."

वृंदाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"पहिल्यासारखा होतो का गं परत?"

"नाही. झिजलेलं भरून येत नाही."

तिनं वेग उतरवून कंपनीच्या आकड्यावर आणला. यंत्र चालू राहिलं. फिल्म मुंगीच्या पावलानं का होईना, पुढे सरकायला लागली, आणि दोघी तिच्याकडे बघत बसल्या.

यशोधन परतला तो आधीच धुमसत. बिल्डरनं वेळ दिली नव्हती. पडद्यावर वेगाचा उतरवलेला आकडा पाहून त्यानं वृंदाला खुर्चीवरून ढकललं आणि व्होल्टेज चढवायला घेतलं. तिनं त्याचा हात धरला, जळेल म्हणाली. त्यानं तिचे केस मुठीत धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, आणि दुसऱ्या हातानं आकडा आणखी वर नेला. पडदा काळा झाला. बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. काहीच नाही.

मग त्यानं कीबोर्ड उचलला. वृंदानं डोक्यावर हात घेतले, पण फटका तिला बसला नाही. हेमलताबाई मध्ये आल्या होत्या. कडा त्यांच्या भुवईवर बसली, आणि कालच्या कुंकवावरून रक्त ओघळलं.

नेहमीसारखा तो लगेच विरघळला. गुडघ्यावर बसून रडायला लागला. चुकलं म्हणाला, टेन्शन होतं म्हणाला. हेमलताबाईंनी पदर भुवईवर दाबला आणि अगदी शांतपणे सांगितलं, रडू नकोस, ते यंत्र उचल, नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात दाखवून आण. त्याला हायसं वाटलं. फुटकी पेटी छातीशी धरून तो दाराबाहेर पडला.

हेमलताबाईंनी दार लावलं. कडी घातली, वरची खिटी सरकवली, साखळीही अडकवली. आवाज ऐकून तो लिफ्टपासून परत आला.

"आई? दार का लावलंस?"

"तुझे कपडे वॉचमनकडे पाठवते. इथे यायचं नाही आता."

बाहेर पेटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग दारावर थाप पडली, मग मोठी, मग लाथ. दार हललं, साखळी खणखणली. वृंदा भिंतीला चिकटून उभी होती. तिनं घाबरून सासूचा हात धरला. तो हात साखळीवरून निघाला नाही. लाथा थांबल्या.

"आई, प्लीज यार. पुन्हा नाही होणार. बिल्कुल नाही. माझ्यावर विश्वास ठेव."

हेमलताबाईंनी दाराला कपाळ टेकलं.

"विश्वास पानिपतात गेला, बाळा."



"मतलब?" त्यानं विचारलं.

वृंदानं देव्हाऱ्यातून हळदीची वाटी आणली. सासूला खुर्चीवर बसवून ती जखमेत हळद भरायला लागली. बाहेरून त्यानं पुन्हा विचारलं, मतलब क्या, आई? दोघींपैकी कुणीच उठलं नाही.