जाळीवरची लिडिया

होळी गावातल्या ऑगस्टीनची मुलगी ॲनिशा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जाळ्या करते. विरघळवलेल्या प्लास्टिकला विजेचा ताण देऊन केसाहून बारीक धागे ओढायचे. त्यांची मलमलीसारखी पांढरी चकती होते. तिच्यावर माणसाच्या पेशी पेरायच्या. धागा मानवला तर पेशी इवले पाय पसरतात, धाग्याच्या अंगानं लांब होतात आणि आपलं विणकाम सुरू करतात. नाही मानवला तर गोळा होऊन मरतात. पुढेमागे भाजलेल्या माणसाला यातून नवी कातडी मिळावी, म्हणून हा सगळा खटाटोप.

पेशी होत्या तिच्या मम्मीच्या, लिडियाच्या. ऑपरेशनच्या वेळी कातडीचा तुकडा तिनं हौसेनं दिला होता. "घे बाय, तुझ्या कामाला येईल." वर्षभरात ती गेली. तिच्या पेशींच्या गोठवलेल्या कुप्यांपैकी आता एकच उरली होती.

आधीच्या दोन्ही खेपांना पेशी मेल्या, आणि दोष जाळीचा नव्हता. आजारी माणसाच्या उशाशी डोकवावं तशी ॲनिशा सारखी पेशी वाढवायची उबेची पेटी उघडायची, आतली जाळीची डिश उचलून बघायची. डिश हलायची, गार पडायची. पाय टेकण्याआधीच पेशी निसटायच्या. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं, हात आवरणं वेगळं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटची कुपी तिनं मृतांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी पेरली, पेटीचं दार लावलं आणि तडक घर गाठलं.

सकाळी पप्पांबरोबर मम्मीच्या कबरीवर शेवंती वाहिली, मेणबत्त्या लावल्या. दुपारी वाडीत चाफ्याखाली तिचा डोळा लागला. आभाळभर पांढरे धागे पसरले होते आणि मम्मी पदर खोचून, अनवाणी, एका धाग्यावर पाय चाचपत उभी होती. ॲनिशाच्या ओठांवर हाक आली. पण हाकेनं मम्मीचा पाय घसरला तर? तिनं तोंडावर हात दाबला आणि तशीच रडत राहिली. मम्मीनं एक पाय टेकला, मग दुसरा, आणि वाकून काहीतरी विणायला लागली. वळून पाहिलं नाही.

जाग आली तेव्हा पप्पा विहिरीपाशी उभे होते.

"जायचं का लॅबला? सोडतो स्टेशनला."

"आज नको, पप्पा," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परतली आणि तिनं पप्पांच्या हातात फोन दिला. सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो होता: धाग्याधाग्यावर लांब झालेल्या, एकमेकींना धरून बसलेल्या पेशी. ऑगस्टीननं चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिलं.

"यातली लिडिया कुठली?"

"सगळ्याच, पप्पा."

त्यानं बोटानं काचेला स्पर्श केला आणि लगेच बोट मागे घेतलं.

"कामात दिसते," तो हळूच म्हणाला. "हाक नको मारू."