सोनईच्या गणपतीचे डोळे

सूर्यभानच्या गणपतीच्या कारखान्यात एक नियम होता. मूर्तीचे डोळे रंगवायला बसणाऱ्याला तो आधी विचारायचा, "मन ठिकाणावर हाय का?" नसेल तर ब्रश खाली ठेवून बाजूला बसायचं. डोळे उघडणाऱ्याच्या मनातलं मूर्तीत उतरतं, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी पंकजा म्हणाली, "व्हय, हाय." धडधडीत खोटं. नवरा हनुमंत काल टेम्पोत मूर्ती भरून भंडारदऱ्याकडे गेलेला. सकाळी मोबाईलवर बातमी आली, तिकडच्या घाटात दरड कोसळली. आणि त्याचा फोन बंद. तसा हा बाबा एरवीही वाटेत फोन करणाऱ्यातला नव्हेच. "गाडी चालवू का फोन करू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. पण फोन न करणं वेगळं आणि फोन बंद असणं वेगळं.

खरं सांगितलं असतं तर हात बांधून बसावं लागलं असतं, आणि नुसतं बसून तिला वेड लागलं असतं. शिवाय सोनईचं मंडळ दुपारी मूर्ती बघायला येणार होतं.

तिने डोळे काढले. बुबुळं, पापण्या, सगळं जिथल्या तिथे. पण ब्रश ठेवून मागे सरकली आणि तिला दिसलं. देव दाराकडे बघत होता, घरातलं कुणीतरी यायचं राहिल्यासारखा.

"काय तरी चुकलंय," सूर्यभान म्हणाला, "पर सापडंना."

तेवढ्यात मंडळाचा अध्यक्ष कारभारी आला. त्याच्या आवाजापुढे डीजेही फिका. मुकुटाच्या उंचीवरून तावातावाने बोलता बोलता त्याचं लक्ष डोळ्यांकडे गेलं आणि वाक्य अर्धवटच राहिलं. तो गुपचूप बाहेर गेला आणि फोन लावला.

"आई, जेवलीस का गं? न्हाई, काय न्हाई. सहज केला फोन."

त्याच्याबरोबर आलेला पोरगाही जरा वेळाने बाहेर जाऊन बायकोला फोन लावू लागला. सूर्यभानने दोघांकडे पाहिलं, मग पंकजाकडे.

"खरं सांग."

"त्येंचा फोन लागंना, दादा. घाटात दरड पडलीय."

"मग देवाच्या कामात खोटं बोललीस व्हय?" त्याने संतापून पांढऱ्या रंगाची वाटी उचलली. हे डोळे मिटवून नवे काढायचे. पंकजाने त्याचं मनगट धरलं.

"नका मिटवू. त्येंचा आवाज ऐकेस्तोवर नका. हितं डोळं मिटलं आन तिकडं..."

वेडेपणाच होता. पण वाटी पुढे न्यायची छाती सूर्यभानलाही होईना. सगळे बसून राहिले. मध्येच पंकजाचा फोन वाजला, ती धडपडत उठली, तर कसल्याशा कंपनीची बाई. तिला दिलेली शिवी गणपतीसमोर द्यायला नको होती.

अखेर सूर्यभानच्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला. "मालक, मोबाईल भिजला. दरडीच्या अलीकडंच अडकलो हुतो. आता निगालो."

पंकजाने फोन हिसकावून घेतला. "दुसऱ्याच्या फोनवरनं सकाळीच करायला काय झालं हुतं?" एवढं ओरडली आणि रडतच खाली बसली.

डोळे पुसून तिने स्वतःच पांढऱ्या रंगाची वाटी घेतली. आता मन ठिकाणावर होतं. पण कारभारी आडवा आला. "डोळ्यांला हात लावायचा न्हाई. आमाला असाच पायजे."

दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या तोंडावर रुमाल बांधून हनुमंत सोनईला निघाला. जाताना नेहमीसारखाच, एक शब्द नाही. आणि थोड्या वेळाने त्याचा फोन. पंकजाने पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं?"

"काय न्हाई. जेऊरला हाय. गणपतीचा रुमाल सुटला हुता, बांधाय उतरलो." मग म्हणाला, "पंकजा, काल लई भ्याली हुतीस का गं?"

"व्हय," ती म्हणाली, आणि घोडेगावला पोचलात की परत फोन करा, म्हणाली.