कोमट पाण्याबरोबर

खालचा खण अर्ध्यात अडकला. पुडीवाल्याने गुडघा टेकून जोर लावला तसा तो एकदम बाहेर आला, आणि स्वेटरांच्या घडीखालून एक चपटा खोका पुढे सरकला. खोक्यावरचं पारदर्शक वेष्टन जसंच्या तसं होतं. ते उघडायची लाल पट्टीसुद्धा कुणी ओढली नव्हती.

आत काय आहे हे त्याला हात लावायच्या आधीच कळलं. त्याच्या औषधांच्या दुकानात रोज दहादा हातात येणारं, दम्याचं औषध ओढायचं यंत्र ते. कॅप्सूल त्यात ठेवायची, पिळायचं, कॅप्सूल फुटते, मग तोंडाने जोरात श्वास ओढून आतली पूड छातीत घ्यायची. ताईला दम्याचं औषध सुरू झालं त्याच दिवशी त्याने स्वतः तिला हा खोका दिला होता. सव्वादोन वर्षं झाली त्याला.

"तुला वरचा कप्पा सांगितला होता ना रे?" स्वयंपाकघरातून भाऊजींचा आवाज आला. "खालचं मी आवरीन सावकाश."

"वरचंच बघतोय," तो म्हणाला, आणि चोरासारखा खोका परत स्वेटरांखाली सारला.

ताईला जाऊन तीन महिने झाले होते. काल भाचीचा फोन आला होता. "मामा, बाबांना जिना चढताना धाप लागतेय. डॉक्टरांची चिठ्ठी महिनाभर पडून आहे आणि ते दुकानाकडे फिरकत नाहीत. चिठ्ठीचा फोटो पाठवते, तूच औषध घेऊन जा ना. आणि आईची उरलेली औषधं उचलून आण, ती बघून बाबा बसल्या जागी गप्प होतात." म्हणून आज तो दुपारी दुकान बंद करून आला होता.

आता पुडीवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण साठी आली तरी गिऱ्हाइकं तेच म्हणत. म्हाताऱ्या माणसांना बाटल्यांची झाकणं उघडत नाहीत, चिठ्ठ्या वाचता येत नाहीत, म्हणून तो आठवड्याच्या औषधांच्या कागदी पुड्या बांधून द्यायचा आणि वर ठसठशीत अक्षरात लिहायचा. सकाळी एक. संध्याकाळी एक. ओढायचं औषध असलं की मात्र नुसती पुडी देऊन भागायचं नाही. गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचं, दुकानातलं नमुन्याचं यंत्र हातात द्यायचं, तीन-तीनदा करून घ्यायचं. "आजोबा, शिट्टी नाही वाजवायची, आत ओढायचंय," असं म्हणत त्याने अख्ख्या पेठेला श्वास घ्यायला शिकवला होता.

आणि सख्ख्या बहिणीला काय म्हणाला? दुकानात तोबा गर्दी, ती पायरीवर उभी. "ताई, आत कागद आहे, त्यावर सगळं लिहिलंय. बघून घे." घरचं माणूस. घरच्या माणसाला कुठे बाकावर बसवायचं?

तिच्या बोटांचे सांधे दुखायचे, बाटलीचं झाकण फिरायचं नाही. मग तिच्या कॅप्सूलही पुड्यांत जाऊ लागल्या. वर त्याच्याच अक्षरात, सकाळी एक, संध्याकाळी एक. कशी घ्यायची ते त्याने एकदाही लिहिलं नाही. गिळायच्या गोळ्यांच्या पुड्यांवरही तेवढंच लिहिलेलं असायचं.

एकदा तर तिने सांगितलंही होतं. दुकानाच्या काउंटरला टेकून, धाप लागलेली, तरी हसत. "तुझ्या त्या कॅप्सूल घशात चिकटतात रे. हे कोमट पाणी देतात म्हणून उतरतात कशाबशा."

तो तेव्हा दुसऱ्याच कुणाची औषधं मोजत होता. मान वर न करता म्हणाला होता, "लहानपणी चिंचोके गिळायचीस, आता कॅप्सूल चिकटते होय? पाणी जास्त पी."

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही. मात्रा वाढवली. त्याने वाढलेल्या मात्रेच्या पुड्या बांधल्या. पुन्हा वाढवली, त्याने पुन्हा बांधल्या.

तो उठून बाहेरच्या खोलीत आला. टेबलावर त्याने आणलेली पिशवी होती. भाऊजींसाठी लिहून दिलेलं औषध, तेच यंत्र, त्याच कॅप्सूल. रंगसुद्धा वेगळा नव्हता. भाऊजींनी दोन वर्षं घड्याळ लावून ताईच्या तळहातावर कॅप्सूल ठेवली होती, पेला तिच्या ओठांना लावला होता. त्यांची एकही वेळ चुकली नव्हती, आणि समाचाराला आलेल्या प्रत्येकाला ते तेवढंच सांगत होते, की औषधात मी हयगय केली नाही. आता यंत्र कसं वापरायचं हे दाखवलं की पुढचं त्यांना लगेच उमजणार. न दाखवावं, तर हा माणूसही कॅप्सूल गिळत गिळत जाणार. पुडीवाल्याला कुठूनच वाट दिसेना.

भाऊजी चहा घेऊन आले. एक कप त्याच्यापुढे ठेवून समोर बसले.

"दाखव बाबा, काय आणलंयस ते."

त्याने पिशवीतला खोका फोडला. लाल पट्टी ओढताना दोनदा निसटली.

"हे नवीन निघालंय, भाऊजी," तो म्हणाला. आवाज आपला नाहीच असं त्याला वाटलं. "ताईची होती ती जुनी जात. ती गिळायचीच होती. ही ओढायची. तेव्हा ही मिळत नव्हती."

"नव्हती मिळत?"

"नाही. आत्ताच आलीय."

भाऊजींनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणून हात पुढे केला.

तो सांगायला लागला, पण त्याचं वाक्य निम्म्यात होतं तोवर भाऊजींनी कॅप्सूल बसवून यंत्र पिळलंही होतं. तोंड बाजूला करून त्यांनी श्वास पार रिकामा केला. मग ओठ घट्ट मिटून एका दमात आत ओढला. यंत्रात कॅप्सूल खुळखुळली. डोळे मिटून त्यांनी श्वास धरून ठेवला, बोटांवर दहा मोजले आणि सावकाश सोडला. पहिल्याच खेपेला इतकं नीट कुणाला जमलेलं पुडीवाल्याने पाहिलं नव्हतं.

मग ते उठले, बेसिनपाशी गेले आणि खळखळून चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा.

चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं, हे तो शेवटी सांगणार होता. अजून सांगितलं नव्हतं.

भाऊजी तोंड पुसत परत आले. त्याचा चेहरा पाहून टॉवेल हातातच राहिला.

"डॉक्टरांनी मागच्या महिन्यात करून घेतलं माझ्याकडून," ते म्हणाले. "तिथंच, त्यांच्यासमोर."

पुडीवाल्याने चहाचा कप बाजूला सारला.

"त्यांना म्हटलं, हे गिळलं तर? ते हसले. म्हणाले, गिळून काय उपयोग, पोटाला थोडाच दमा झालाय." भाऊजी खुर्चीवर बसले. "घरी येताना जिना चढवेना मला. माझ्या हाताने दिल्या रे तिला. सगळ्या."

"मी लिहिलं नाही, भाऊजी. मी दाखवलं नाही. ती सांगत होती तर मी..."

"पुरे." त्यांनी हात वर केला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "काय म्हणालास मघाशी? तेव्हा ही मिळत नव्हती?"

पुडीवाल्याने ओढलेली लाल पट्टी बोटाभोवती गुंडाळली.

"पोर आज ना उद्या विचारेल. दोघांनी एकच सांगायचं. तिच्या वेळेला ही निघालीच नव्हती." भाऊजी थांबले. "आणि मलाही तेच अधूनमधून सांगत जा."

त्याने मान हलवली. त्याला रडू आवरेना, आणि भाऊजींनी त्याला रडू दिलं.