पत्र्याच्या बदल्यात नवरा

खालून चौदा पत्रे निघाले आणि वर तेराच पोचले. गवंडीमामांनी ते दोनदा मोजले आणि मग पत्रे वाहून आणणाऱ्या बायकांकडे पाहिलं.

"उडाला," त्यातली एक म्हणाली. "खिंडीत वारा सुटला आणि माझ्या डोक्यावरचा पत्रा गेला. मी नाही गेले हे नशीब समजा."

मामांनी कपाळाला हात लावला. या डोंगरावरच्या गावाला रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. सिमेंट खेचरांवरून आलं होतं, वाळू गावकऱ्यांच्या पाठीवरून आली होती, आणि खुद्द मामा चार ठिकाणी रांगत आले होते. भिंतीवर ते खारीसारखे चढत, पण दरी दिसली की ते जमिनीला चिकटत. शाळा बांधायचं काम घेताना ही गोष्ट त्यांनी शिताफीनं लपवली होती. आता दोन खोल्यांच्या भिंती उभ्या होत्या, वासे चढले होते, शिक्षिकाबाई आठवड्याभरात यायच्या होत्या, आणि छपराला बरोबर फळ्याच्या वर भगदाड राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचा पत्ता लागला. खिंडीखालच्या उतारावर एका आजींचं घर होतं. पत्रा त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर विराजमान झाला होता. त्यावर दगड ठेवून, दोरीनं बांधून पक्का बंदोबस्तही झाला होता. देवाचं नाव घेत मामा तिथवर गेले.

"आजी, हा पत्रा शाळेचा आहे."

"असेल. पण आपल्या पायांनी आलाय. मी काही आणायला गेले नव्हते."

"पत्र्याला पाय असतात होय?"

"तुला असून तू रांगत आलास. पाहिलं मी."

तेवढ्यात आतून आजोबा आले आणि त्यांनी पाहुणा पाहिला मात्र, त्यांची टकळी सुरू झाली. कुठल्याशा हिवाळ्यात हरवलेला बोकड, त्याला शोधायला गेलेला मेहुणा, त्या मेहुण्याचा दुखरा दात, दात उपटणारा न्हावी... मामांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

आजींनी त्यांना बाजूला ओढलं. "पत्रा ने. पण याला शाळेत घ्या."

"आजोबांना?"

"पंचेचाळीस वर्षं ऐकतेय. हा माणूस सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडतो. मला दिवसाचे चार तास शांतता पाहिजे."

"आजी, शाळा पोरांची आहे."

"मग पत्रा शेळ्यांचा आहे."

मामांनी शब्द देऊन टाकला. तो देण्याचा आपल्याला काय अधिकार, हे त्यांना पत्रा पाठीवर घेऊन रांगताना सुचलं.

शाळा सुरू झाली. मामा बाहेरच्या भिंतीला गिलावा करत होते, पण त्यांचे कान आत होते. शिक्षिकाबाई कडक इस्त्रीच्या होत्या आणि आजोबांविषयी त्यांना सांगायचं धाडस मामांना अजून झालं नव्हतं. अठरा पोरं भिंतीला टेकून बसली होती. बाई नाव विचारत, पोर खाली बघे. बाई हसल्या, तर एक रडायलाच लागलं. परक्या माणसासमोर तोंड उघडायची सवयच नव्हती कुणाला.

तेवढ्यात दारातून आजोबा शिरले, पुढच्या रांगेत मांडी घालून बसले आणि कुणी विचारायच्या आत बोकडाची गोष्ट सांगू लागले. मामांनी डोळे मिटून घेतले.

"तो काळा नव्हता, पांढरा होता!" एक पोर एकदम ओरडलं. गोष्ट सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली.

"काळाच!" दुसरं म्हणालं.

मग अठराही तोंडं एकदम सुटली. मामांनी खिडकीतून डोकावलं, तर बाईंनी फळ्यावर ठळक अक्षरांत 'बोकड' लिहिलं होतं आणि त्या आजोबांना विचारत होत्या, "उद्याही याल ना?"

पाचव्या दिवशी आजी आल्या. खिडकीखाली एक दगड ओढून त्यावर लोकर पिंजत बसल्या.

"काय आजी, मिळाली का शांतता?"

"डोंबलाची शांतता! घर खायला उठतं." आतून बोकडाचा आवाज काढणं चाललं होतं. आजींनी थोडा वेळ कळ काढली, मग उठून खिडकीत तोंड घातलं. "बोकड नव्हता तो, शेळी होती! आणि मेहुणा नव्हे, मीच शोधून आणली होती!"

आत हशा पिकला. बाईंनी बाहेर येऊन मामांना हळूच सांगितलं, "इथे एक ओटा बांधा. या रोज येणार असं दिसतंय."

उरलेल्या दगडांचा ओटा दोन दिवसांत तयार झाला. आजींनी तो चहूबाजूंनी निरखला.

"डावीकडे उतरलाय."

"शक्यच नाही," मामा फणकारले आणि त्यांनी ओट्यावर पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा केसभर उजवीकडे सरकला. मामांनी गुपचूप थापी उचलली.

"चालू दे तुझं सावकाश," आजी म्हणाल्या, "तोवर मी आत बसते."