जागेशी संबंध

फाटकावर डकवलेल्या नोटिशीचे तीन कोपरे घट्ट चिकटले होते. चौथा सुटा होता. वाऱ्यानं तो दोनेक सेंटिमीटर वर उचलला जायचा आणि पुन्हा खाली बसायचा. मी तो अंगठ्यानं दाबून धरला. अंगठा काढताच परत उठला.

मजकूर मला पाठ होता. हे घर आणि मागची मोकळी जागा माझ्या धाकट्या भावाच्या नावे नोंदवायची आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. वडिलांचे इतर वारस : निरंक. आज पंधरावा दिवस.

वडील जाऊन तीन वर्षं झाली. त्याआधी अकरा वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून मी त्यांचं करत होते. "तुझ्या नावाचं बघून घे," ते म्हणायचे. मी म्हणायचे, बघू. भाऊ लांब असतो. दर रविवारी अकराला त्याचा फोन येतो, सात मिनिटं. घरचा म्हणावा असा तेवढाच एक आवाज उरलाय.

गेल्या रविवारी मी विचारलं, "निरंक का लिहिलंस?"

"अगं ताई, दोन नावं आली की दोघांच्या सह्या, दोघांचे हेलपाटे. तुला कोण घराबाहेर काढतंय? आणि तुझ्यामागे आहे तरी कोण?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. मग त्यानं हवापाण्याचं विचारलं.

शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी मात्र मला न विचारताच हरकत ठोकून दिली होती. आज तिची सुनावणी होती. सोबतीला म्हणून त्या मला नोंदणी कार्यालयात घेऊन गेल्या.

खिडकीमागच्या कारकुनानं एक चष्मा कपाळावर सरकवून दुसरा नाकावर चढवला.

"काकू, तुमचा या जागेशी संबंध?"

"आमची मधली भिंत एक आहे."

"भिंतीबद्दल तक्रार आहे?"

"भिंत ठणठणीत आहे हो. हिनं अकरा वर्षं बापाचं केलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"पाहिलं असेल तर तुम्ही साक्षीदार. हरकत घ्यायला हक्क लागतो. वारस आहात? जागा विकत घेतलीय? तिथून तुमची वहिवाट आहे?"

"चौदा वर्षं माझे कपडे हिच्या अंगणात वाळतात."

"त्याला वहिवाट म्हणत नाहीत, काकू."

"बाई गं! म्हणजे जिचं जातंय ती गप्प, आणि मी बोलतेय तर मला तोंडच नाही?"

"मी तरी काय करू? अर्जात कळवळ्याचा रकाना नाही."

त्यानं शिक्का मारला. अर्ज फेटाळला. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय काम?"

"यांच्यासोबत आलेय."

काकू पिशवीत कागद कोंबत पुटपुटत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. चारला खिडकी बंद होणार होती. हरकत घेतली तर रविवारचा फोन येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बावन्न रविवार, सात-सात मिनिटं. वर्षाचे सहा तास आणि वर चार मिनिटं. मी हिशेब पुन्हा केला. आकडा तोच आला. एवढ्यासाठी मी तीन वर्षं तोंड मिटून बसले होते, आणि त्यानं मला जमेतच धरलं नव्हतं.

"चल गं," काकू म्हणाल्या. "उगाच शोभा झाली माझी."

"तुम्ही बसा जरा," मी म्हणाले आणि खिडकीशी गेले. कारकून टेबल आवरत होता.

"आता काय?"

पहिला शब्द नीट फुटलाच नाही, म्हणून पुन्हा सुरुवात केली.

"ही जागा ज्यांची होती, त्यांची मी मुलगी. या नोंदीला माझी हरकत आहे. लिहून घ्या."